लिनक्समध्ये नवा ड्रायव्हर जोडताना जुने चालते कसे ठेवावे

नव्या उपकरणासाठी पहिल्यांदाच ड्रायव्हर लिहायला बसलेल्या माणसाची अशी समजूत असते की आपण फक्त भर घालत आहोत, तेव्हा आपल्या हातून जुने काही बिघडण्याचा प्रश्नच येत नाही. ही समजूत चुकीची आहे, आणि ती का चुकीची आहे हे एका लहानशा चिपेवरून चांगले कळते. एक्सार कंपनीच्या एक्सआर२१व्ही१४१० या यूएसबी-सिरीयल चिपा स्वतःची ओळख सीडीसी-एसीएम या सर्वसाधारण वर्गातले उपकरण अशी करून देतात. त्यामुळे लिनक्समधला त्या वर्गाचा जुना ड्रायव्हर त्यांना ताब्यात घेत असे आणि ‘/डेव्ह/टीटीवायएसीएम०’ या नावाचे पोर्ट तयार होत असे. २०२१ च्या ५.१२ या आवृत्तीत याच चिपांसाठी स्वतंत्र ड्रायव्हर आला. चिपेच्या खास सोयी त्याला वापरता येतात, म्हणजे ही सुधारणाच होती. परंतु तो यूएसबी-सिरीयल या वेगळ्या चौकटीत बसतो आणि त्या चौकटीत पोर्टाचे नाव ‘/डेव्ह/टीटीवाययूएसबी०’ असे पडते. ज्याच्या प्रोग्राममध्ये जुने नाव पक्के लिहिलेले आहे, त्याच्या दृष्टीने नवा कर्नल (लिनक्सचा गाभा) चालू होताच उपकरण नाहीसे झालेले असते.

जाणकार मंडळी अशा वेळी सांगतात की पोर्टाचे नाव थेट वापरू नका, ‘/डेव्ह/सिरीयल/बाय-आयडी’ या फोल्डरमधला कायमचा दुवा वापरा. सल्ला योग्य आहे, पण येथे तोही पुरत नाही, कारण यूएसबी-सिरीयल चौकटीतल्या दुव्याच्या शेवटी ‘पोर्ट०’ असा जादा तुकडा लागतो, जो एसीएमच्या दुव्याला नसतो. कायमचा म्हणून घेतलेला दुवाही ड्रायव्हरबरोबर बदलतो. हा लेख लिनक्स कर्नलमध्ये पहिला ड्रायव्हर किंवा जुन्या ड्रायव्हरमध्ये नव्या चिपेचा आधार जोडू पाहणाऱ्यांसाठी आहे, आणि अशा अडचणी आधीच कशा ओळखाव्यात व कशा टाळाव्यात एवढाच त्याचा विषय आहे.

कामाला हात घालण्यापूर्वी: सीमा कोठे आहे

कर्नलच्या आतली फंक्शने, त्यांचे पॅरामीटर, अंतर्गत स्ट्रक्चर यांना स्थैर्याची कोणतीही हमी नाही. ती कोणत्याही आवृत्तीत बदलू शकतात, आणि जो ती बदलतो त्याने कर्नलमधल्या सर्व ड्रायव्हरांत त्यानुसार दुरुस्ती करायची असते. कर्नलचे एक मेंटेनर (त्याचा कोड सांभाळणारे) ग्रेग क्रोआ-हार्टमन यांनी ही भूमिका कर्नलच्या अधिकृत दस्तऐवजांतल्या एका टिपणात सविस्तर मांडली आहे. याउलट कर्नल आणि यूजरस्पेस (कर्नलबाहेर चालणारे सर्व प्रोग्राम) यांच्यामधली सीमा जवळजवळ पवित्र मानली जाते. काल चालणारा प्रोग्राम नव्या कर्नलवर चालला नाही, तर दोष कर्नलचा. डिसेंबर २०१२ मध्ये मीडिया विभागातल्या एका बदलामुळे एका आयओसीटीएल कॉलमधून (प्रोग्रामने ड्रायव्हरला थेट आज्ञा देण्याच्या सोयीतून) परत येणारा त्रुटी-कोड वेगळा येऊ लागला आणि आवाजाशी संबंधित प्रोग्राम अडखळले. प्रोग्रामच चुकीचा लिहिला आहे, असा बचाव पुढे आला, आणि लिनक्सचे जनक लिनस टॉरवल्ड्स यांनी तो अत्यंत कडक शब्दांत फेटाळला. शब्दांच्या कडकपणाबद्दल मतभेद असू शकतात, पण त्यामागच्या तत्त्वाबद्दल कर्नलच्या मेंटेनरांमध्ये मतभेद नाहीत. नवागताने यातून घ्यायचे ते असे की एका त्रुटी-कोडाइतकी लहान गोष्टसुद्धा सीमेवरचीच आहे.

पायरी १: उपकरण सध्या कोणाच्या ताब्यात आहे ते पाहावे

यूएसबी उपकरण असेल तर ‘एलएसयूएसबी’ ही आज्ञा ‘-टी’ पर्यायासह, आणि पीसीआय कार्ड असेल तर ‘एलएसपीसीआय’ ही आज्ञा ‘-के’ पर्यायासह चालवून पाहावी. कोणता ड्रायव्हर सध्या उपकरण हाताळतो आहे ते दोन्हींत दिसते. काहीही दिसले नाही तरी लगेच नवी फाइल उघडू नये. पुष्कळदा नवे उपकरण म्हणजे जुनीच चिप, नव्या उत्पादक-क्रमांकासह नव्या खोक्यात घातलेली, एवढेच असते. अशा वेळी सिसएफएसमध्ये (कर्नलची माहिती फाइलींच्या रूपात दाखवणाऱ्या फोल्डरांत) त्या जुन्या ड्रायव्हरच्या फोल्डरमधल्या ‘न्यू-आयडी’ या फाइलीत आपल्या उपकरणाचे उत्पादक-क्रमांक आणि उत्पादन-क्रमांक लिहावेत. ड्रायव्हरने उपकरण उचलले आणि ते नीट चालले, तर आपले सारे काम क्रमांकांच्या तक्त्यात एक ओळ घालण्याइतके आहे.

त्या एका ओळीला कमी लेखू नये. स्टेबल शाखांचे (जाहीर झालेल्या आवृत्त्यांना दुरुस्त्या पुरवणाऱ्या शाखांचे) नियम एरवी कडक असले तरी नवे उपकरण-क्रमांक त्यांत आवर्जून स्वीकारले जातात, त्यामुळे आपली ओळ नव्या आवृत्तीची वाट न पाहता जुन्या, दीर्घकाळ सांभाळल्या जाणाऱ्या कर्नलांपर्यंतही पोहोचते. मागील आवृत्त्या वापरणाऱ्यांसाठी याहून स्वस्त आणि सुरक्षित मदत दुसरी नाही.

पायरी २: दुसऱ्याकडून उपकरण काढून घ्यायचे असेल तर

सुरुवातीच्या उदाहरणाकडे परत जाऊ. एक्सारच्या चिपांसाठी नवा ड्रायव्हर आला तेव्हा सीडीसी-एसीएमच्या तक्त्यात ‘या उपकरणाकडे दुर्लक्ष करावे’ अशी नोंद घालणे भाग होते, नाहीतर दोन्ही ड्रायव्हर एकाच चिपेवर हक्क सांगतील. ती नोंद सरसकट घातली असती, तर ज्यांनी कर्नल बांधताना नवा ड्रायव्हर निवडलेला नाही त्यांची चिप पोरकी झाली असती. जुना हात लावणार नाही आणि नवा जागेवरच नाही. म्हणून ती नोंद अटीसह आहे: नवा ड्रायव्हर कॉन्फिगरेशनमध्ये चालू असेल तरच जुन्याने दूर व्हायचे. ‘०४ई२’ या उत्पादक-क्रमांकाखालच्या त्या ओळी सीडीसी-एसीएमच्या सोर्स फाइलीत आजही वाचता येतात, आणि त्या प्रत्येक नवागताने एकदा तरी उघडून पाहाव्यात, असे मला मनापासून वाटते, कारण त्या थोड्याशा ओळींत या विषयाचा मोठा भाग सामावलेला आहे.

हीच अडचण २००८ च्या सुमारास इंटेलच्या गिगाबिट नेटवर्क कार्डांच्या बाबतीत मोठ्या प्रमाणावर आली होती. पीसीआय एक्स्प्रेसवरची कार्डे ‘ई१०००’ या जुन्या ड्रायव्हरकडून ‘ई१०००ई’ या नव्या ड्रायव्हरकडे सोपवली गेली. ज्यांच्या कॉन्फिगरेशन फाइलीत फक्त जुने नाव होते त्यांनी नेहमीप्रमाणे नवा कर्नल बांधला तर यंत्र चालू होई, पण नेटवर्क नसे. दूरच्या सर्व्हरवर हे घडणे म्हणजे तेथे प्रत्यक्ष जाण्याची वेळ येणे.

म्हणून कॉन्फिगरेशनचे चिन्ह (कर्नल बांधताना ड्रायव्हर ज्या नावाने निवडतात ते) फोडताना, हलवताना किंवा त्याचे नाव बदलताना जुने चिन्ह चालू असलेल्यांना नवे चिन्ह आपोआप मिळेल अशी डीफॉल्ट ओळ लिहावी. अगदी नव्या, स्वतंत्र ड्रायव्हरसाठी मात्र डीफॉल्ट ‘नाही’ असेच ठेवावे. आपले उपकरण कोट्यवधी संगणकांत नसणार, मग ते त्यांच्या कर्नलमध्ये शिरण्याचे कारण नाही. मॉड्यूलचे (गरजेप्रमाणे कर्नलमध्ये चढवता येणाऱ्या ड्रायव्हर-फाइलीचे) नाव बदलावे लागलेच तर जुन्या नावाचा एलियस ठेवावा, कारण लोकांच्या मॉडप्रोबच्या (मॉड्यूल चढवणाऱ्या आज्ञेच्या) फाइलींत आणि इनिटरॅमएफएसमध्ये (यंत्र सुरू होतानाच्या तात्पुरत्या फाइल-संचात) ते नाव वर्षानुवर्षे लिहिलेले असते.

पायरी ३: बाहेरून काय काय दिसणार आहे त्याची यादी कागदावर करावी

ही पायरी कंटाळवाणी वाटते, म्हणून ती वगळली जाते, आणि पुढचे बहुतेक अपघात येथेच जन्माला येतात. डिव्हाइस नोडचे (‘/डेव्ह’मधल्या फाइलीचे) नाव, सिसएफएसमधली प्रत्येक फाइल आणि तिच्यातल्या आकड्याचे एकक, मॉड्यूलचे पॅरामीटर, आयओसीटीएलचे क्रमांक, त्रुटी-कोड, यूडेव्हला (डिव्हाइस नोड सांभाळणाऱ्या प्रोग्रामला) जाणाऱ्या सूचना, हे सर्व आपण जगाला दिलेले शब्द आहेत. तापमान मिलिअंशांत द्यायचे की अंशांत, हा निर्णय एकदाच घेता येतो. सिसएफएसचा संकेत असा आहे की एका फाइलीत एकच मूल्य असावे. तो पाळला तर पुढे नवी माहिती द्यायची झाल्यास नवी फाइल जोडता येते आणि जुनी फाइल वाचणाऱ्याला धक्का लागत नाही. एकाच फाइलीत चार रकाने छापले, की पाचवा रकाना घालताना कोणाचा तरी पार्सर मोडणार, हे ठरलेले आहे.

भर घातल्यानेही कसे मोडते याचा नमुना नेटवर्क ड्रायव्हरांत दिसतो. सिस्टमडी (यंत्र सुरू करून सेवा सांभाळणारी प्रणाली) नेटवर्क कार्डाचे नाव कर्नलकडून मिळणाऱ्या गुणधर्मांवरून ठरवते. एखाद्या ड्रायव्हरने ‘फिज-पोर्ट-नेम’ हा गुणधर्म नव्याने सांगायला सुरुवात केली, की त्याच कार्डाच्या नावाला ‘एनपी०’ असे शेपूट जोडले जाते, आणि जुन्या नावाने लिहिलेली आयपी पत्त्याची फाइल निरुपयोगी होते. ड्रायव्हर लिहिणाऱ्याने काहीही काढलेले नसते. त्याने अधिक माहिती दिलेली असते. आपला गुणधर्म वाचून त्यावरून दुसरे कोणी काही ठरवते आहे का, हा प्रश्न यादीतल्या प्रत्येक ओळीपुढे विचारावा.

यादी तयार झाली की तिची नोंद कर्नलच्या डॉक्युमेंटेशनमधल्या एबीआय (बाहेरच्या प्रोग्रामांना दिसणारा इंटरफेस) या फोल्डरमध्ये करायची असते. तेथे स्टेबल, टेस्टिंग, ऑब्सोलीट आणि रिमूव्हड असे चार विभाग आहेत. नवी गोष्ट टेस्टिंगमध्ये जाते. टेस्टिंग या शब्दावरून ती वाटेल तेव्हा बदलता येते असा अर्थ मात्र काढू नये. कोणी ती वापरू लागले की ती बांधिलकीच होते.

पायरी ४: आयओसीटीएलचे स्ट्रक्चर

येथे जरा थांबावे लागेल, कारण एकदा जाहीर झालेले स्ट्रक्चर मागे घेता येत नाही. शक्य असेल तर स्वतःचा आयओसीटीएल तयारच करू नये. तापमान, दाब, प्रकाश मोजणाऱ्या उपकरणांसाठी आयआयओ, व्होल्टेज-पंख्यांसाठी एचडब्ल्यूमॉन, कॅमेऱ्यांसाठी व्ही४एल२, अशा तयार चौकटी आहेत. त्यांत बसलेला ड्रायव्हर त्या चौकटीची सुसंगतता आयती मिळवतो. उपकरण कोणत्याच चौकटीत बसत नसेल, तेव्हाच पुढचे वाचावे.

माझ्या हातून झालेली एक चूक सांगतो. मोजमापे नोंदवणाऱ्या एका कार्डासाठी मी जे स्ट्रक्चर लिहिले त्यात प्रथम चॅनेलचा ३२ बिटांचा क्रमांक आणि त्यानंतर ६४ बिटांची वेळ होती. माझ्या ६४ बिटी लॅपटॉपवर सर्व चाचण्या उत्तीर्ण झाल्या. पुण्याजवळच्या ज्या कारखान्यात ते कार्ड लागणार होते तेथला प्रोग्राम मात्र ३२ बिटी होता, कारण त्याला लागणारी एक लायब्ररी फक्त ३२ बिटांतच उपलब्ध होती. तेथे प्रत्येक कॉल ‘ईनॉटटीटीवाय’ ही त्रुटी घेऊन परत येऊ लागला. कारण असे की ३२ बिटी एक्स८६ वर ६४ बिटांची संख्या ४ च्या पटीतल्या पत्त्यावर ठेवली जाते, त्यामुळे ते स्ट्रक्चर १२ बाइटांचे होते. ६४ बिटी एक्स८६ वर ती ८ च्या पटीत ठेवावी लागते, म्हणून कंपायलर मध्ये ४ बाइटांची मोकळी जागा सोडतो आणि स्ट्रक्चर १६ बाइटांचे होते. आयओसीटीएलच्या क्रमांकातच स्ट्रक्चरचा आकार गुंफलेला असतो, तेव्हा दोन्हीकडचे क्रमांकच वेगळे झाले आणि कर्नलने तो क्रमांक ओळखलाच नाही. ३२ बिटी एआरएमवर संरेखन ८ चेच असते, त्यामुळे तेथे चाचणी घेतली असती तरी हा दोष सापडला नसता. दुरुस्ती सोपी होती, पण तोवर काही यंत्रांवर जुना प्रोग्राम गेला होता, आणि पुढे त्या ड्रायव्हरमध्ये दोन्ही क्रमांक सांभाळावे लागले.

त्या अनुभवानंतर मी पुढील गोष्टी कधीही सोडत नाही. स्ट्रक्चरमध्ये फक्त निश्चित आकाराचे प्रकार वापरावेत. ‘लाँग’ वापरू नये, आणि पॉइंटर थेट न ठेवता तो ६४ बिटांच्या संख्येत ठेवावा. प्रत्येक घटक आपल्या आकाराच्या पटीत येईल अशी मांडणी करावी, आणि जेथे मोकळी जागा उरते तेथे स्वतः नाव देऊन राखीव घटक लिहावा. ‘पाहोल’ हे साधन कंपाइल केलेल्या फाइलीतून प्रत्येक स्ट्रक्चरमधल्या फटी दाखवते. ते एकदा चालवून पाहायला मिनिटही लागत नाही. कंपायलरने सोडलेल्या अदृश्य फटींचा दुसराही धोका आहे: त्या शून्य न करता स्ट्रक्चर यूजरस्पेसला परत दिले, तर कर्नलच्या स्टॅकवरची माहिती त्यांतून बाहेर जाते.

राखीव घटक आणि फ्लॅग यांच्याबाबत आणखी एक बारीक गोष्ट आहे. राखीव घटक शून्य आहे का, आणि अनोळखी फ्लॅग तर लावलेला नाही ना, हे पहिल्या आवृत्तीपासून तपासावे आणि तसे नसेल तर ‘ईइनव्हॅल’ ही त्रुटी परत करावी. हे तपासले नाही तर कोणाचा तरी प्रोग्राम तेथे मेमरीत उरलेला कचरा पाठवत राहील आणि चालतही राहील. मग पाच वर्षांनी त्या जागेला अर्थ द्यायला गेल्यावर तोच कचरा आज्ञा म्हणून वाचला जाईल. युनिक्सच्या ‘ओपन’ या सिस्टम कॉलचे नेमके हेच झाले आहे. तो अनोळखी फ्लॅगकडे दुर्लक्ष करतो आणि आता ते बदलता येत नाही, म्हणून ५.६ मध्ये आलेल्या ‘ओपनॅट२’ने अनोळखी फ्लॅग नाकारण्याचा नियम सुरुवातीपासून ठेवला. स्ट्रक्चर पुढे वाढेल असे आधीच दिसत असेल, तर ५.४ पासून उपलब्ध असलेले ‘कॉपी-स्ट्रक्ट-फ्रॉम-यूजर’ हे फंक्शन वापरावे. प्रोग्रामने पाठवलेला आकार लहान असेल तर ते उरलेली जागा शून्याने भरते, आणि मोठा असेल तर जादा बाइट शून्य असतील तरच पुढे जाऊ देते. या पद्धतीत नवे घटक शेवटीच जोडायचे, आणि शून्याचा अर्थ ‘पूर्वीसारखेच वागावे’ असाच राहिला पाहिजे.

वेळ पाठवायची असेल तर सेकंद ६४ बिटांतच ठेवावेत. ३२ बिटांतले सेकंद १९ जानेवारी २०३८ रोजी संपतात, आणि आज बसवलेली औद्योगिक यंत्रे त्या तारखेपर्यंत चालू असण्याची शक्यता भरपूर आहे.

पायरी ५: डिव्हाइस ट्री

एआरएम किंवा रिस्क-व्ही बोर्डांवर काम करणाऱ्यांना ही पायरी टाळता येत नाही. डिव्हाइस ट्री हे बोर्डावर काय कोठे जोडले आहे याचे वर्णन आहे, आणि अनेक बोर्डांवर ते बूटलोडरबरोबर फ्लॅशमध्ये कायमचे बसलेले असते. वापरणारा कर्नल बदलतो, ते वर्णन बदलत नाही. म्हणून जुन्या वर्णनासह नवा कर्नल चालला पाहिजे, ही अपेक्षा बाइंडिंगच्या (हे वर्णन कसे लिहायचे याच्या व्याख्येच्या) नियमांत स्पष्ट लिहिलेली आहे.

समजा, आपल्या चिपेच्या नव्या आवृत्तीला रीसेटची एक तार जादा आहे. बाइंडिंगमध्ये ती ऐच्छिकच लिहावी, आणि ड्रायव्हरमध्ये जीपीआयओ (चालू-बंद करता येणारी साधी तार) मागताना ‘ऑप्शनल’ प्रकारचे फंक्शन वापरावे; तार सांगितलेली नसेल तर ते नल देते आणि त्या नलवर केलेली पुढची क्रिया निमूटपणे काहीच करत नाही. क्लॉकचेही असेच आहे. रेग्युलेटरच्या (वीजपुरवठा नियंत्रित करणाऱ्या भागाच्या) बाबतीत मात्र सावध राहावे: तेथले ‘ऑप्शनल’ फंक्शन रेग्युलेटर नसल्यास ‘ईनोडेव्ह’ ही त्रुटी परत करते, आणि साधे फंक्शनच लुटुपुटूचा रेग्युलेटर देऊन काम पुढे चालू ठेवते. नावावरून अंदाज बांधणाऱ्याचा ड्रायव्हर जुन्या बोर्डांवर प्रोबमध्येच (उपकरण ताब्यात घेण्याच्या पायरीतच) थांबतो.

‘कम्पॅटिबल’ या गुणधर्मात सर्वांत नेमके नाव आधी आणि सर्वसाधारण नाव नंतर लिहायचे असते. नवी चिप जुन्या चिपेसारखीच वागत असेल तर तिचे स्वतःचे नाव पुढे आणि जुन्या चिपेचे नाव मागे ठेवावे. मग नव्या नावाची ओळख नसलेला जुना कर्नलसुद्धा मागचे नाव वाचून तिला चालवतो. आणि पुढे नव्या चिपेत एखादा दोष सापडला, तर तिला वेगळी वागणूक देण्यासाठी तिचे नाव जुन्या वर्णनांतही आधीपासून लिहिलेले असते. ‘एक्सएक्स’ घालून सगळ्या मालिकेला एकच नाव देण्याचा मोह होतो, पण त्याच मालिकेतली पुढची चिप वेगळी निघाली की त्या नावाचा उपयोग संपतो. क्लॉकची किंवा इंटरप्टची यादी वाढवताना नवे नाव शेवटी जोडावे, क्रम बदलू नये. ‘मेक डीटी-बाइंडिंग-चेक’ आणि ‘मेक डीटीबीएस-चेक’ या आज्ञा पॅच (बदलाची फाइल) पाठवण्याआधी चालवाव्यात.

पायरी ६: एकाच ड्रायव्हरमध्ये राहणाऱ्या जुन्या चिपा

जुन्या ड्रायव्हरमध्ये नवी चिप जोडताना सर्वांत मोठा मोह असतो तो समाईक कोड थोडासा वाकवण्याचा. नव्या चिपेला रीसेटनंतर ५० मिलिसेकंद थांबावे लागते, म्हणून सर्वांसाठीच विलंब वाढवला. नव्या चिपेत एक रजिस्टर आधी लिहावे लागते, म्हणून सर्वांसाठीच क्रम बदलला. जुनी चिप आपल्या टेबलावर नसते, त्यामुळे ती बिघडल्याचे आपल्याला कळत नाही. नव्या चिपेचे वेगळेपण क्रमांकांच्या तक्त्यातल्या तिच्या ओळीशी जोडलेल्या माहितीत ठेवावे आणि कोडने ती माहिती पाहून वागावे. पॅचही दोन करावेत: पहिल्यात वागणूक न बदलता फक्त मांडणी बदलावी, दुसऱ्यात नवी चिप आणावी. एका आवृत्तीत साधारण तेरा-चौदा हजार बदल येतात, आणि गिट बायसेक्टने (दर टप्प्याला निम्मे बदल वगळत शोधणाऱ्या आज्ञेने) त्यांतला दोषी बदल सुमारे चौदा टप्प्यांत सापडतो; तो सापडल्यावर शंभर ओळींच्या मिश्र पॅचऐवजी दहा ओळींचा स्वच्छ पॅच हाती यावा, एवढी सोय आपण पुढच्या माणसासाठी करून ठेवावी.

पायरी ७: फर्मवेअर

पुष्कळ लोक कर्नल अद्ययावत करतात, फर्मवेअरचे (उपकरणाच्या आत चालणाऱ्या प्रोग्रामचे) पॅकेज करत नाहीत. नव्या ड्रायव्हरला नवेच फर्मवेअर लागेल असे लिहिले तर त्यांचे चालू उपकरण बंद पडते. २०२२ साली एका मोठ्या ग्राफिक्स ड्रायव्हरच्या बाबतीत नेमके असे घडले, जुन्या फर्मवेअरचा आधार परत आणावा लागला, आणि त्यानंतर फर्मवेअर कसे वापरावे याचे लेखी नियम कर्नलच्या दस्तऐवजांत आले. नियम थोडक्यात असा की ज्या फर्मवेअरवर एखादे उपकरण एकदा चालले, त्यावर ते पुढेही चालले पाहिजे. ड्रायव्हरने आधी नवी फाइल मागावी, ती मिळाली नाही तर जुनी मागावी, आणि तिच्याबरोबर कमी सोयींनिशी का होईना, काम चालू ठेवावे.

पायरी ८: चाचणी

नव्या कर्नलवर नव्या प्रोग्रामची चाचणी आपण घेतोच. महत्त्वाची चाचणी तिरकी आहे: नवा कर्नल आणि चार-पाच वर्षे जुने डिस्ट्रिब्यूशन, नवा कर्नल आणि जुन्या डिव्हाइस ट्रीची फाइल, नवा कर्नल आणि जुने फर्मवेअर, ६४ बिटी कर्नल आणि ‘-एम३२’ पर्यायाने कंपाइल केलेला चाचणी प्रोग्राम. जुने कॉन्फिगरेशन घेऊन ‘मेक ओल्डकॉन्फिग’ चालवावे आणि त्यातून आपला किंवा दुसऱ्या कोणाचा ड्रायव्हर गळत नाही ना, ते दोन्ही फाइलींतला फरक काढून पाहावे. ड्रायव्हर जुन्या चिपांचाही असेल, तर पॅचच्या पत्रातच त्या चिपा बाळगणाऱ्यांना चाचणीची विनंती करावी. ‘गेट-मेंटेनर’ ही स्क्रिप्ट कोणाला पत्र पाठवायचे ते सांगते.

जे कर्नलच्या मुख्य सोर्सबाहेर, डीकेएमएसच्या (नव्या कर्नलसाठी मॉड्यूल आपोआप पुन्हा बांधणाऱ्या साधनाच्या) आधारे ड्रायव्हर सांभाळतात त्यांना कर्नलच्या आवृत्तीप्रमाणे अटी लिहाव्या लागतात. मुख्य सोर्समध्ये ड्रायव्हर पाठवताना त्या सर्व अटी काढून टाकाव्यात. तेथे त्या स्वीकारल्या जात नाहीत आणि त्यांची गरजही उरत नाही.

पायरी ९: तक्रार आल्यावर

काळजी घेऊनही कधीतरी पत्र येते की नव्या कर्नलवर अमुक उपकरण चालेनासे झाले. अशा वेळी तो प्रोग्राम चुकीचा होता, ते नाव कोणी वापरणे अपेक्षित नव्हते, किंवा दस्तऐवजात तसे लिहिलेलेच नाही, यांपैकी काहीही उत्तर म्हणून देऊ नये. बायसेक्ट केलेला बदल आपला असेल आणि दुरुस्ती दोन-चार दिवसांत दिसत नसेल, तर आधी तो मागे घ्यावा. आपला ड्रायव्हर दहा आठवड्यांनी पुढच्या आवृत्तीत परत येऊ शकतो. दुरुस्तीच्या पॅचमध्ये ‘फिक्सेस’ ओळीत मूळ बदलाची ओळख आणि स्टेबल शाखेसाठीची ओळ न विसरता लिहावी, म्हणजे ज्या ज्या शाखेत दोष गेला असेल तेथे दुरुस्तीही जाईल. कर्नलमध्ये अशा बिघाडांचा माग ठेवण्यासाठी रेगझबॉट हे स्वयंचलित साधन वापरले जाते, आणि आपली नोंद त्यात उघडी राहिली तर प्रत्येक आरसीच्या (चाचणी-आवृत्तीच्या) वेळी ती सर्वांना दिसते.

जुना इंटरफेस खरोखरच काढायचा असेल तर त्याची नोंद आधी ऑब्सोलीट विभागात हलवावी, त्याऐवजी काय वापरावे ते तेथे लिहावे, वापर झाल्यास कर्नल लॉगमध्ये एकदाच इशारा छापावा आणि काही आवृत्त्या थांबावे. त्या काळात एका जरी वापरणाऱ्याचे पत्र आले, तर तो इंटरफेस तसाच राहू द्यावा आणि त्याच्या प्रोग्रामची नवी आवृत्ती सर्वत्र पोहोचेपर्यंत वाट पाहावी. कोणाचेही पत्र आले नाही तरच कोड काढावा, आणि तो कोणत्या आवृत्तीत काढला याची नोंद रिमूव्हड विभागात करावी, म्हणजे दीर्घकाळ जुन्याच कर्नलवर राहिलेले एखादे यंत्र जो कोणी अद्ययावत करील त्याला आपली फाइल का सापडत नाही ते शोधता येईल.